६४१ ने फोडलेला आकडा

४,२९,४९,६७,२९७. हा स्क्रीनवरचा आकडा नीट बघा, चारशे एकोणतीस कोटींच्या वर. २ चा ३२ वा घात घ्यायचा आणि त्यात १ मिळवायचा, झाला तयार.

फ्रान्सचा पिएर द फर्मा, पेशाने वकील पण डोकं सगळं गणितात. १६४० च्या सुमाराला त्याच्या लक्षात आलं की ३, ५, १७, २५७, ६५५३७ या सगळ्या मूळ संख्या आहेत आणि सगळ्या एकाच साच्यातल्या, आधीच्या संख्येतून १ वजा करा, वर्ग करा, परत १ मिळवा, की पुढची हजर. मग त्याने ठरवूनच टाकलं की पुढच्या पण सगळ्या मूळच असणार. आपला आकडा त्या रांगेतला पुढचाच.

जवळजवळ ९० वर्षं तसंच चाललं. १७२९ मध्ये गोल्डबाख नावाच्या गणितज्ञाने पत्रातून दुसऱ्या गणितज्ञाला, ऑयलरला, विचारलं, फर्माचं हे म्हणणं माहितीये का? आणि १७३२ मध्ये ऑयलरने सांगितलं की याला ६४१ ने भाग जातो! ६४१ गुणिले ६७,००,४१७.

आता सरळ मार्गाने जायचं तर ६५५३६ पर्यंतच्या, म्हणजे या आकड्याच्या वर्गमुळापर्यंतच्या, साडेसहा हजार मूळ संख्यांनी भागून बघायला लागतं, पण ऑयलरने पुढे सिद्धच केलं की या आकड्याचा कुठलाही मूळ विभाजक ६४ च्या पटीत १ मिळवल्यावरच येतो, म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७ आणि पाचवा थेट ६४१. पाचव्या भागाकारात खेळ खलास!

आणि ६४१ चा भाग का जातो ते तर भागाकार न करता पण दिसतं, मला हे फार म्हणजे फारच आवडतं. ५ गुणिले १२८ म्हणजे ६४०, ६४१ ला एक कमी, म्हणून बाकी उणे १ धरा. चौथा घात केला की बाकी अधिक १. हा चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात, आणि ६२५ हे ६४१ पेक्षा १६ ने कमी, म्हणून ६२५ च्या जागी उणे १६ लिहा. १६ म्हणजे २ चा चौथा घात, २८ आणि ४ मिळून ३२, म्हणजे उणे २ चा ३२ वा घात, बाकी १. चिन्ह उलटं करा, २ चा ३२ वा घात, बाकी उणे १. त्यात आपला तो १ मिळवा, बाकी शून्य!

पुढची संख्या लॅन्ड्री या फ्रेंच गणितज्ञाने १८८० मध्ये फोडली, तिचा लहान अवयव २,७४,१७७. ६५५३७ नंतर या साच्यातली एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही. या साच्यातल्या संख्यांना फर्मांक म्हणतात, ३ हा फर्मांक ०, ५ हा फर्मांक १, असं मोजत गेलं की आपला आकडा फर्मांक ५. फर्मांक ५ ते ३२ सगळे संयुक्त निघालेत, त्यातल्या २० आणि २४ चं तर विशेषच आहे, त्या फुटतात हे पक्कं सिद्ध झालंय, पण त्यांचा एकही अवयव कोणाच्या हाती लागलेला नाही. आणि ३३ व्या फर्मांकात अडीचशे कोटींहून जास्त अंक आहेत, तो मूळ आहे की संयुक्त हे अजून ठरायचंय.