स्पेसबार: उमटत नाही, तरी काम करते

मित्रहो, कीबोर्डवरची सर्वांत लांब कळ कागदावर किंवा पडद्यावर काहीच उमटवत नाही, म्हणून ती ‘जागा सोडण्याची’ कळ आहे असे आपण धरून चालतो. मला आज असे मांडायचे आहे की स्पेसबार जन्मापासून आजपर्यंत जागा सोडण्यापेक्षा काहीतरी घडवून आणण्याचेच काम करत आली आहे, आणि ते काम काय हे यंत्रागणिक बदलत गेले आहे.

शब्दांमध्ये अंतर असते हेच मुळात फार जुने गृहीत नाही. प्राचीन ग्रीक आणि लॅटिन लिखाण बहुतांशी सलग असे. सातव्या-आठव्या शतकांत आयर्लंडमधील मठवासीयांनी लॅटिन हस्तलिखितांत शब्द सुटे लिहायला सुरुवात केली आणि ती पद्धत पुढे युरोपभर गेली. आपल्याकडच्या जुन्या पोथ्यांतही शब्द सलगच येतात. मोडी लिहिणारा कारकून तर आधी पूर्ण ओळभर रेघ ओढून घेई आणि मग शक्यतो लेखणी न उचलता तिच्याखाली अक्षरे जोडत जाई, त्यामुळे शब्द कुठे संपला हे वाचणाऱ्यानेच ओळखायचे.

टाइपरायटरला मात्र ही मोकळीक नव्हती. मिलवॉकी येथील ख्रिस्तोफर लॅथम शोल्स आणि त्यांचे सहकारी यांनी घडवलेले यंत्र रेमिंग्टन कंपनीने 1874 मध्ये बाजारात आणले. त्याच्या कळफलकाच्या तळाशी आडवी लाकडी पट्टी होती. तिचे काम समजून घ्यायचे तर यंत्राच्या आत डोकवावे लागेल. टाइपरायटरची कॅरेज, म्हणजे कागद धरणारा सरकता भाग, एका ताणाखाली सतत डावीकडे ओढली जात असते आणि दातेरी अडसर तिला रोखून धरतो. कोणतेही अक्षर दाबले की दोन गोष्टी होतात: खिळा रिबनवर आपटतो, आणि अडसर एक दाता सोडून कॅरेजला एक घर पुढे जाऊ देतो. स्पेसबार यांतली फक्त दुसरी गोष्ट करते. म्हणजे ती रिकामी जागा ‘लिहीत’ नाही, कॅरेज सरकवते. कागद कोरा राहतो तो त्याचा परिणाम म्हणून.

देवनागरी टाइपरायटरवर याच्या नेमकी उलट वागणारी मंडळीही होती, आणि मला हा भाग फार गमतीचा वाटतो. अनुस्वार, उकार यांसारख्या खुणा अक्षराच्या वर किंवा खाली बसवायच्या असल्याने त्यांच्या कळा खूण उमटवत, पण कॅरेजला जागची हलू देत नसत. शिवाय तिथे प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येई आणि शेजारच्या तुकड्याला जोडला जाई. त्यामुळे स्पेसबार दाबली की रेघ तुटे, आणि मोडीने जे झाकले होते ते उघड दिसे.

पट्टी लांब का, या प्रश्नाला अंगठा हे उत्तर नेहमी मिळते, आणि ते निम्मेच खरे आहे. न पाहता दहा बोटांनी टंकन करण्याची पद्धत 1888 मधील सिनसिनाटीच्या प्रसिद्ध स्पर्धेनंतर लोकांच्या डोळ्यांत भरली. पट्टी तिच्या आधीपासून लांब होती. योगायोगाने म्हणा, दोन्ही अंगठ्यांना ती आयती मिळाली. लांबीची किंमत मात्र मोजावी लागते: टोकाला दाबल्यावर पट्टी तिरकी होऊन अडकू नये म्हणून आजच्या कीबोर्डमध्येही तिच्याखाली दोन्ही टोके बरोबरीने खाली नेणारी वाकवलेली तार बसवलेली असते. आयबीएमच्या एक्झिक्युटिव्ह या यंत्रात अक्षरांची रुंदी निरनिराळी होती, म्हणून तिथे या पट्टीचे दोन तुकडे करून लहान आणि मोठे अशी दोन अंतरे दिली गेली.

संगणकाने मात्र मूळ व्यवहारच बदलला. प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या 1963 च्या ॲस्की संकेतावलीत स्पेसला 32 हा क्रमांक मिळाला, तोही सर्व अक्षरांच्या आणि अंकांच्या आधीचा. आता अंतर ही साठवली जाणारी, मोजली जाणारी, शोधता येणारी खूण झाली. टाइप केलेल्या कागदावर शब्दाआधी एक घर सुटले की दोन, याने शब्दाला काही होत नसे. संगणकाच्या लेखी मात्र ‘घरावर’ आणि ‘घरा वर’ या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

आणि त्यानंतर ती निर्णयाची कळ झाली. जपानी लिहिताना शब्दांत अंतर सोडत नाहीत, तरी त्यांच्या कीबोर्डवर स्पेसबार आहे, कारण ध्वनीनुसार टाइप केलेला मजकूर तिने कांजीत, म्हणजे चिनी वळणाच्या चिन्हांत, बदलता येतो. रोमन अक्षरांतून मराठी लिहिणारे आपणही तेच करतो: ‘जी-एच-ए-आर’ टाइप केले की स्पेस दाबताच ‘घर’ होते. पण इथे एकच कळ शब्द पक्का करते आणि त्याच दमात अंतरही सोडते. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहायची असल्याने लांब शब्द एका दमात नीट बदलला नाही की माणूस तो तुकड्यांनी पक्का करतो, आणि ‘त्या मुळे’, ‘शाळे साठी’ अशी रूपे तयार होतात. पुढे कोणी ‘शाळेसाठी’ असा शोध नेमक्या अक्षरांनी घेतला, तर तो मजकूर त्याला सापडत नाही.