आजींचे पापड आणि गेटवरची पेटी

(दृश्य: गच्चीवर वाळत घातलेले पापड)

रत्नागिरी. मांडवीच्या समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर आजींची गच्ची. सकाळी घातलेले तांदळाचे पापड दुपारी दोनला गुलाबी दिसतायत. आजी एक उचलून फुंकर मारतात. रंग हलत नाही. जांभ्याचा धुरळा तो, ओल्या पापडावर बसला की पापडाचाच होतो.

पश्चिमेला लागूनच इमारतीचं काम चाललंय. पायासाठी जांभा फोडतायत, कटरवर चिरे कापतायत. आणि गेटवरच्या डिस्प्लेचा धुळीचा आकडा? हिरवागार.

(दृश्य: गेटवरची पांढरी पेटी, जवळून)

डब्याएवढी पेटी. आतला पंखा हवा ओढतो, तिच्यावर लेझर पडतो, कणांवरून उजेड विखुरतो आणि त्यावरून धुळीचा अंदाज निघतो. सिमकार्डावरून आकडा थेट इंजिनिअरच्या मोबाइलवर. पीएम १०ची, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या बारीक धूलिकणांची, आपल्या देशातली मर्यादा २४ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम. साइटवर त्याआधीचीच इशाऱ्याची पातळी लावलीय. ती ओलांडली की पाणी मारायला टँकर बोलवायचा. मुंबईत महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांवर असे सेन्सर सक्तीचे केले.

पेटीच्या खोडीही आहेत. पहाटेच्या दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात, आणि कटर बंद असतानाही आकडा चढतो. म्हणून आर्द्रता मोजून दुरुस्ती करावी लागते. उलट, जाड धूळ असल्या स्वस्त पेटीला नीट सापडत नाही.

पण इथली गोची वेगळीच होती. दिवसा खारे वारे, समुद्राकडून जमिनीकडे. रात्री मतलई वारे, उलटे. पेटी पश्चिमेच्या गेटवर, कारण रस्त्यावरून तिथेच दिसते. दिवसभर ती दर्यावरची हवा मोजत बसली, आणि धुरळा पूर्वेला, आजींच्या गच्चीवर.

शाळेच्या भूगोलात सगळ्यांनी पाठ केलेली गोष्ट ही. पेटी टांगताना कुणालाच आठवली नाही.

(दृश्य: गच्चीच्या कठड्यावर दुसरी पेटी बसवताना)

आता दोन पेट्या. पूर्वेच्या आकड्यातून पश्चिमेचा वजा केला की दुपारी साइटची धूळ किती, ते कळतं. रात्री वजाबाकी उलटी.

"आजी, आता लगेच कळेल हां आम्हाला."

"कळेल रे. टँकर कधी येईल?"

इंजिनिअर मोबाइलकडे बघतो. आजी परात उचलतात आणि उरलेले पापड पंख्याखाली घालायला आत नेतात.