वळणदार लाकडी टेबलाची निवड

श्रोतेहो, नमस्कार.

नदीतल्या गोट्यासारखी मऊ, असमान वळणे असलेले लाकडी जेवणाचे टेबल घरात आणावे असे अनेकांना वाटते, आणि ते निवडताना नेमके काय पाहावे याविषयी आज मी आपल्याशी बोलणार आहे. अशा टेबलांचे दोन प्रकार आहेत. एका प्रकारात झाडाच्या बुंध्यातून काढलेल्या जाड फळीची मूळ कड तशीच राखलेली असते. दुसऱ्यात फळ्या जोडून तयार केलेल्या पृष्ठावर सुतार हवी ती वक्ररेषा कापतो. पहिल्यात आकार झाडाने ठरवलेला असतो, दुसऱ्यात माणसाने, आणि म्हणून दोन्ही पारखण्याची रीत वेगळी आहे.

दोन्ही प्रकारांत पहिला विचार मात्र बसणाऱ्या माणसांचा करावा असे माझे ठाम मत आहे. एका माणसाला आरामात जेवण्यासाठी कडेची साधारण 60 सेंटीमीटर लांबी लागते. समोरासमोर बसणाऱ्यांची ताटे आणि मधली भांडी मावण्यासाठी 90 सेंटीमीटरच्या आसपास रुंदी असावी. आयताकृती टेबलाची रुंदी सगळीकडे सारखीच असते; वळणदार टेबलाची मात्र जिथे ते सर्वांत अरुंद आहे तिथेच मोजली पाहिजे, कारण विक्रेता सांगतो ती लांबी-रुंदी बहुधा सर्वांत फुगीर भागाची असते.

कडेचे वळण बाहेर फुगलेले आहे की आत गेलेले आहे, यानेही फार मोठा फरक पडतो. बाहेर फुगलेल्या वळणाशी बसणाऱ्यांच्या खुर्च्या पंख्याच्या पात्यांप्रमाणे एकमेकींपासून दूर जातात, कोपरांना मोकळीक मिळते आणि सर्वांना एकमेकांचे चेहरे दिसतात. आत गेलेल्या वळणाशी याच्या उलट घडते: खुर्च्यांच्या पाठी एकमेकींना भिडतात आणि दोन माणसांच्या जागेत जेमतेम एकच माणूस बसतो. आतले वळण दिसायला मोहक असते, हे मला मान्य आहे. पण ते एकच असावे, उथळ असावे आणि तिथे एकाच माणसाची जागा धरावी. डेन्मार्कचे गणितज्ञ आणि कवी पीट हाइन यांनी आयत आणि लंबवर्तुळ यांच्या मधला ‘सुपरएलिप्स’ हा आकार स्टॉकहोममधील एका चौकाच्या रचनेसाठी सुचवला होता आणि पुढे त्याच आकाराची टेबलेही तयार झाली. तो आकार पूर्णपणे सममित आहे, तरीही त्यात कोपरा नाही आणि कड कुठेही आत वळत नाही, म्हणून वळणदार टेबल पाहताना मनाशी तुलनेसाठी तो धरावा.

खरेदीपूर्वी टेबलाची बाह्यरेखा वर्तमानपत्रे चिकटवून खऱ्या मापात कापावी, ती जमिनीवर अंथरावी आणि भोवती घरातल्याच खुर्च्या मांडाव्यात. खुर्ची मागे सरकवून उठायला कडेपासून भिंतीपर्यंत किमान 75 सेंटीमीटर लागतात आणि मागून दुसऱ्याला जायचे असेल तर 90 किंवा त्याहून अधिक. असमान आकारात ही जागा प्रत्येक खुर्चीमागे वेगळी निघते, म्हणून हा प्रयोग टाळू नये.

आता लाकडाविषयी. लाकूड हवेतील ओलाव्याप्रमाणे फुगते आणि आकसते, पण हा बदल लाकडावर दिसणाऱ्या लांब तंतूंच्या रेषांच्या दिशेने नगण्य असतो आणि रेषांना आडवा बराच असतो. मीटरभर रुंदीच्या अखंड फळीत ऋतुमानानुसार काही मिलिमीटरांपासून सेंटीमीटरभरापर्यंत फरक पडू शकतो. ताज्या लाकडात पाण्याचे प्रमाण खूप असते. घरात ठेवायच्या लाकडात ते साधारण 8 ते 12 टक्के असावे आणि ते मोजण्याचे छोटे यंत्र चांगल्या कारागिराकडे असते. मोजून दाखवण्यास जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून जाड फळी घेऊ नये. तसेच बुंध्याचा अगदी मधला बिंदू फळीत आला असेल, तर ती तिथे फाटण्याचा संभव मोठा असतो.

भेग दिसली म्हणून मात्र टेबल लगेच नाकारू नये. जपानी-अमेरिकी कारागीर जॉर्ज नाकाशिमा (1905–1990) यांनी झाडाची मूळ कड राखून टेबले घडवली आणि भेगांवर फुलपाखराच्या आकाराच्या लाकडी पाचरी आडव्या बसवून त्या उघडपणे दिसू दिल्या. अशी नीट बांधलेली भेग मला रंगवलेल्या भुशाने बुजवलेल्या भेगेपेक्षा कितीतरी विश्वासार्ह वाटते.

यानंतर खाली वाकून टेबलाची खालची बाजू अवश्य पाहावी. पाय किंवा चौकट जिथे जोडली आहे तिथे स्क्रूसाठी लांबट खाचा असाव्यात, म्हणजे लाकडाला हलायला वाव राहतो. घट्ट जखडलेली रुंद फळी कालांतराने वाकते किंवा चिरते. तीन पायांचे टेबल ओबडधोबड जमिनीवरही डगमगत नाही, परंतु पायांच्या त्रिकोणाबाहेर झुकलेल्या भागावर कोणी भार देऊन उठले तर ते कलंडू शकते, आणि वळणदार टेबलांत असे भाग नेहमीच असतात. म्हणून दुकानातच प्रत्येक टोकावर दोन्ही हातांनी जोर देऊन पाहावे.

झाडाची साल कडेवर ठेवू नये. ती सुटत जाते आणि तिच्याखाली किड्यांना जागा मिळते. कड हाताला गोल लागावी, पण वरून इतकीही उतरती नसावी की पेला ठेवताच कलेल. पॉलिशबाबत एवढेच सांगतो की तेलाचा हात दिलेले लाकूड ओरखडा पडल्यावर तेवढ्याच जागी घासून पुन्हा तेल लावता येते, तर पॉलियुरेथेन या प्लास्टिकसारख्या वार्निशाचा थर पाण्यापासून अधिक संरक्षण देतो, पण तो खराब झाल्यास बहुधा सगळे पृष्ठ नव्याने करावे लागते. घरात लहान मुले असतील आणि सांडलेले पाणी पुसायला उशीर होत असेल, तर पॉलियुरेथेनच घ्यावे.