नारकोंडम : सात चौरस किलोमीटरचा इतिहास

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, अंदमानला आपल्यापैकी अनेक जण जाऊन आले आहेत, सेल्युलर जेलपुढे नतमस्तकही झाले आहेत. पण उत्तर अंदमानच्या पूर्वेला, शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर, समुद्रातून एकटाच वर आलेला नारकोंडमचा डोंगर पाहिलेला माणूस या सभागृहात बहुधा नसेल. हिंदी महासागराचे भूपट्ट ब्रह्मदेशाच्या बाजूच्या भूपट्टाखाली सरकत असल्यामुळे जी ज्वालामुखींची रांग तयार झाली, तिच्यातला हा एक. त्याच रांगेतले बॅरन बेट 1991 पासून पुन्हा धुमसते आहे. नारकोंडम मात्र शांत आहे आणि पायथ्यापासून 710 मीटर उंचीच्या माथ्यापर्यंत जंगलाने झाकलेले आहे. त्याचे क्षेत्रफळ जेमतेम 6.8 चौरस किलोमीटर. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात अशी पंधरा बेटे बसतील. हा आकडा कृपया लक्षात ठेवा, कारण मला आज जे सांगायचे आहे ते सगळे त्याच्याशी बांधलेले आहे: इतक्या लहान जागी कोणताही सरकारी निर्णय लहान नसतो.

या बेटाचा लिखित इतिहास ज्या माणसापाशी ठळक होतो, तो आपल्या परिचयाचा आहे, फक्त वेगळ्या कारणाने. 1885 च्या डिसेंबरात मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत राष्ट्रीय सभेचे, म्हणजे काँग्रेसचे, पहिले अधिवेशन भरले आणि त्यामागे अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम होते, हे आपण शाळेतच पाठ केले. पण तेच ह्यूम हिंदुस्थानातील पक्षिशास्त्राचे आद्य संघटक होते, हे आपली पाठ्यपुस्तके सांगत नाहीत, आणि याची मला मनापासून खंत वाटते. महसूल व शेती खात्याचे सचिवपद सांभाळत असताना त्यांनी 1872 मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’ हे पक्ष्यांना वाहिलेले नियतकालिक सुरू केले. पुढच्याच वर्षी ते बंगालच्या उपसागरातील बेटांच्या मोहिमेवर निघाले आणि सोबत भूगर्भशास्त्रज्ञ फर्डिनांड स्टोलिच्का व व्हॅलेंटाइन बॉल, तसेच कलकत्त्याच्या संग्रहालयातले जेम्स वुड-मेसन होते. या मोहिमेतून नारकोंडमचा धनेश, म्हणजे मोठ्या चोचीचा हॉर्नबिल, जगाला कळला. 1873 मध्येच ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन छापले आणि बेटाचे नाव पक्ष्याला कायमचे जोडले गेले.

ते वर्णन वेळीच छापले, हे किती मोलाचे होते पाहा. हिंदुस्थानच्या पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहिण्यासाठी ह्यूम यांनी वर्षानुवर्षे जमवलेली हस्तलिखिते 1880 च्या दशकात ते सिमल्याबाहेर असताना एका नोकराने रद्दीच्या भावात विकून टाकली. त्यांचे मन त्या कामातून उडाले आणि 1885 मध्ये अंड्यांसह सुमारे 82,000 नमुन्यांचा संग्रह त्यांनी ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. म्हणजे मुंबईत राष्ट्रीय सभा भरली त्याच वर्षी हा माणूस पक्ष्यांचा निरोप घेत होता.

आता त्या पक्ष्याविषयी. नराचे डोके व मान तांबूस, मादीची काळी. दोघांची शेपटी पांढरी, गळ्याखाली निळसर पिशवी. विणीच्या काळात मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा व फळांच्या लगद्याने दार लिंपून घेते. उरते ती चोच जेमतेम बाहेर येईल एवढी फट. आत तिची उडण्याची पिसे गळतात, म्हणजे मनात आले तरी तिला उडून जाता येत नाही. नर गळ्यात उंबरवर्गीय फळे भरून आणतो आणि त्या फटीतून एकेक करून भरवतो. जगात दुसरीकडे कुठेही हा पक्षी सापडत नाही. अंदमानच्या इतर बेटांवर तर धनेशाची कोणतीच जात नाही.

स्वातंत्र्यानंतर ब्रह्मदेशाचा या बेटावर दावा होता. 1986 च्या सागरी सीमा कराराने तो प्रश्न मिटला. 1969 मध्ये येथे पोलीस चौकी आली, 1977 मध्ये बेट अभयारण्य झाले, 1983 मध्ये दीपगृह उभे राहिले. 1972 मध्ये मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतर्फे हुमायूँ अब्दुलअली आणि एस. ए. हुसेन तिथे पोहोचले आणि या पक्ष्याच्या अभ्यासाला खरी सुरुवात झाली, याचा मुंबईकरांनी अवश्य अभिमान बाळगावा.

मग 1976 मध्ये चौकीतल्या माणसांसाठी शेळ्या आणल्या गेल्या. यात दुष्टावा कोणाचाच नव्हता. समुद्रात महिनोन्‌महिने एकाकी पहारा करणाऱ्यांना ताजे मांस हवे, ही मागणी कोणीही मान्य केली असती. पण शेळ्या सुटल्या, वाढल्या आणि त्यांनी रोपे खायला सुरुवात केली. डोक्यावरचे जंगल हिरवेगार दिसत राहते आणि खाली नवे झाड उभेच राहत नाही. ज्या जुन्या झाडांत ढोल्या असतात, ती पन्नास वर्षांनी कोसळतील तेव्हा त्यांची जागा घेणारे कोणी नसते. हे नुकसान अर्जात किंवा खर्चाच्या तक्त्यात कधीच दिसत नाही. पुढे शेळ्या हटवाव्या लागल्या, आणि आणण्यापेक्षा हटवणे कितीतरी कठीण गेले.

अध्यक्षमहाराजांनी घड्याळ दाखवले आहे, म्हणून जो विषय जाहीर केला होता तो आता थोडक्यात सांगतो. तटरक्षक दलाला बेटावर रडार हवे होते; त्यासाठी डिझेलवरची वीजव्यवस्था आणि डोंगरावर जाणारा रस्ता. 2012 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे तत्कालीन संचालक असद रहमानी यांनी बेट पाहून प्रतिकूल मत दिले आणि पर्यावरणमंत्री जयंती नटराजन यांनी प्रस्ताव नाकारला. 2014 मध्ये आपल्या पुण्याचे प्रकाश जावडेकर पर्यावरणमंत्री असताना त्याला संमती मिळाली. सुरक्षेची गरज मी नाकारत नाही. माझा आक्षेप ‘थोडीशीच जमीन लागते’ या युक्तिवादाला आहे. तीव्र उतारावर रस्ता कापला की पावसात कडा ढासळतात, दाट छत्र तुटले की वादळ आतपर्यंत शिरते, आणि सामानाबरोबर उंदीर येतात.

रोहित नानिवडेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या ताज्या अभ्यासात धनेशांची संख्या सुमारे 1,000 आढळली. जुने अंदाज तीनशे ते साडेचारशेच्या दरम्यान होते; पण पद्धती वेगळ्या असल्याने संख्या तिप्पट झाली असे म्हणता येणार नाही. एवढे मात्र निश्चित, की ते सगळे एकाच डोंगरावर आहेत आणि एक मोठे वादळ किंवा रोगाची एक साथ त्यांना संपवायला पुरेशी आहे.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. फेब्रुवारी ते मे या विणीच्या महिन्यांत बेटावर कोणतेही बांधकाम नको, पाळीव जनावर पुन्हा एकही नको, आणि श्रीविजयपुरमला, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरला, चौकीचे सामान बोटीत चढवण्याआधी प्रत्येक पोते व खोके उंदरांसाठी तपासले जावे.