दारातली संस्था

श्रोतेहो, नमस्कार. पर्यावरणरक्षणात संस्थांचा वाटा काय, असे विचारले की आपल्याला मंत्रालये, मंडळे आणि न्यायालये आठवतात. त्यांची गरज आहेच. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे खंडपीठ तर पुण्यातच आहे. मात्र वाद तेथे पोहोचेपर्यंत बहुधा नुकसान होऊन गेलेले असते. म्हणून आज मी रोज सकाळी आपल्या दारात येणाऱ्या संस्थेविषयी बोलणार आहे.

१९९३ मध्ये पुण्यातील कचरावेचकांनी, ज्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी केली. कुंडीत वाकून भंगार वेचणे हेही काम आहे आणि त्यामुळे महापालिकेचा वाहतुकीचा खर्च वाचतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी ओळखपत्र मिळवले, ही गोष्ट लहान नव्हे. पोते घेऊन फिरणाऱ्या बाईवर चोरीचा आळ यायला आपल्याकडे कितीसा वेळ लागतो? पुढे याच संघटनेतून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार करून ती घरोघरचा कचरा गोळा करू लागली.

या रचनेतली खुबी हिशेबात आहे. घरे दरमहा शुल्क देतात आणि सुक्या कचऱ्यातून निघालेल्या भंगाराचे पैसे वेचणाऱ्या सभासदाला मिळतात. त्यामुळे निवड जितकी बारकाईने होते, तितकी तिची कमाई वाढते आणि डेपोकडे जाणारा ढीग कमी होतो. हा ढीग कोणाच्या अंगणात पडतो, हे पुण्याच्या कचरा डेपोलगतच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या रहिवाशांना विचारावे. करार मात्र मुदतीचा असतो, आणि माझ्या मते तोच या व्यवस्थेतला कच्चा दुवा आहे.

या स्त्रियांनी नियमांवरही आपला ठसा उमटवण्याचा प्रयत्न केला. वापरलेले सॅनिटरी नॅपकिन उघड्या हातांनी वेगळे करावे लागतात म्हणून त्यांनी ते गोळा करून थेट उत्पादक कंपन्यांकडे परत पाठवले होते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी अशा उत्पादनांसोबत ती गुंडाळण्यासाठी वेष्टन देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. तरीही पुण्यात आजही नॅपकिन कागदात गुंडाळून ओळखू यावे म्हणून वर लाल ठिपका काढण्याची विनंती घरोघरी जाऊन करावी लागते, आणि ती करणारी बाई तीच असते, जिच्या हातात तो कागद जाणार असतो.