बाळंतिणीची जड पापणी

नमस्कार श्रोतेहो. मी खानापूर तालुक्यातली. आज मला बोलायचंय ते बाळंतिणींपेक्षा त्यांच्या आयांशी आणि सासवांशी.

बाळ महिन्याचं झालं असेल. संध्याकाळ झाली की माझी डावी पापणी खाली यायची. सकाळी डोळा नीट, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. जागरणानं होतंय, म्हणाले. मग भाकरी चावता चावता जबडा थांबायला लागला, प्यालेलं पाणी नाकातून यायला लागलं. बाळंतवात समजून आई बिचारी शेगडीत निखारे वाढवायची, आणि शेकानं मी आणखीच गळून जायचे. या आजारात उष्णतेनं अशक्तपणा वाढतो, हे तेव्हा आमच्या घरात कुणाला ठाऊक असणार! बेळगावात डॉक्टरांनी पापणीवर २ मिनिटं बर्फ धरला आणि डोळा उघडला. आई तिथेच रडायला लागली.

मायस्थेनिया ग्रॅव्हिस म्हणतात याला. नसेकडून आलेला निरोप स्नायू जिथे घेतो, त्या जागेवर शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती हल्ला करते. म्हणून स्नायू वापरला की दमतो, विसावला की पुन्हा चालतो. साधा थकवा असा डोळ्यात, घशात जाऊन बसत नाही. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत हा आजार नव्यानं दिसू शकतो, जुना असेल तर बळावू शकतो.

पायरिडोस्टिग्मिनची गोळी ३-४ तास काम करते. मी ती जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घेते, म्हणजे घास गिळता येतो. ती घेत असताना अंगावर पाजता येतं, मीही पाजलं. दुसऱ्या काही औषधांवर मात्र पाजायचं नसतं, तेव्हा विचारूनच. आणि आईला हा आजार आधीपासून असेल, तर जन्मल्यावर पहिले काही दिवस बाळाकडे नीट बघा. रडणं बारीक आहे का, दूध ओढताना दमतंय का? तसं असेल तर लगेच सांगा. वेळेवर उपचार मिळाले तर काही आठवड्यांत ते सहसा ओसरतं.

माझ्या पिशवीत कायम एक चिठ्ठी असते. आपण बोलतो मराठी, दवाखान्यात कन्नड, कागद इंग्रजी. दम लागलेल्या बाईनं कोणत्या भाषेत सांगायचं? म्हणून कन्नडमध्ये आणि इंग्रजीत लिहून ठेवलंय : हा आजार आहे, जेंटामायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा मॅग्नेशियमचं इंजेक्शन देण्याआधी माझ्या डॉक्टरांना फोन करा.

आडवं झाल्यावर दम कोंडला, थुंकी गिळता येईना, एका श्वासात २० पर्यंतही मोजता येईना, तर उजाडायची वाट बघू नका. १०८ ला फोन करा.

माझ्या सासूबाई रोज दिवेलागणीला मला समोर बसवून आकडे मोजायला लावतात. काल ३५ पर्यंत गेले.