‘ग्रेड वन’ पुरता बोलत नाही

(हातात सोनोग्राफीचा रिपोर्ट)

नमस्कार मंडळी! पित्ताचे खडे आहेत का बघायला सोनोग्राफी केली. खडे निघाले नाहीत, पण खाली एक ओळ आली: ‘फॅटी लिव्हर, ग्रेड वन’. घरात कुणीतरी म्हणतंच, “अहो, हल्ली सगळ्यांनाच असतं ते.” झालं, रिपोर्ट कपाटात.

हा ग्रेड चरबीचा. लिव्हरला आतून व्रण पडायला लागलेत का, ते त्यातून कळत नाही. आणि सिरॉसिसकडे, म्हणजे लिव्हर कायमचं खराब होण्याकडे, नेतात ते हे व्रणच, म्हणजे फायब्रोसिस. ना दुखत, ना खुपत. एसजीपीटी (लिव्हरची एक रक्ततपासणी) नॉर्मल आला म्हणून सुटलो, असंही नाही.

मग धरायचं कसं? ‘फिब-फोर’ नावाचा एक हिशेब आहे. वय, एसजीओटी (हीही तशीच रक्ततपासणी), एसजीपीटी आणि प्लेटलेट, बस्स. आकडे तुमच्या चेकअपच्या फायलीतच सापडतील. फक्त सगळे एकाच वेळचे घ्या. आणि डेंग्यू झाला होता तेव्हाचा रिपोर्ट तर मुळीच नको! प्लेटलेट घसरलेले असतात, उत्तर उगाच फुगतं.

(फळ्याकडे वळून)

समजा वय ५०, एसजीओटी ४८. गुणाकार २४००. प्लेटलेट २ लाख, म्हणजे हजारांत २००. एसजीपीटी ६४, त्याचं वर्गमूळ ८. दोनशे आठे सोळाशे. आता २४०० भागिले १६००... दीड.

१.३ च्या खाली असतं, तर व्रण फार वाढलेले असण्याची शक्यता कमी. २.६७ च्या वर गेलं, तर थेट लिव्हरच्या डॉक्टरांकडे. आपला दीड मधेच लटकला. (पासष्टीनंतर खालची रेघ २ वर धरतात. पस्तिशीच्या आत हा हिशेब तितका भरवशाचा नाही.)

हे करायचं कुणी? मधुमेह असलेल्यांनी तर नक्की. पोट सुटलेल्यांनीही, आपल्याकडे कमरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटीमीटर, बायकांना ८०. “मी थेंबही घेत नाही” म्हणणाऱ्यांनो, तुम्हीसुद्धा!

मधे लटकलेल्यांना डॉक्टर बहुतेक फायब्रोस्कॅन सांगतात. बरगड्यांच्या मधे यंत्र टेकवून लिव्हर किती कडक झालंय ते मोजतात. सुई नाही, दुखणं नाही. निदान तीन तास उपाशीपोटी जायचं. वाटेतला कटिंगही परतताना घ्या.